शेजारच्या फिनलंडचा हेवा

मार्च लागला की आमच्या सोसायटीतली मुलं एकेक करून मैदानावरून नाहीशी होतात. आधी क्रिकेटवाले जातात, मग सायकलवाले. पार्किंगमध्ये लपाछपी खेळणाऱ्या मुली त्यातल्या त्यात तग धरतात, पण होळीच्या सुमारास त्यांच्याही आया गॅलरीत येऊन उभ्या राहतात आणि नुसतं नाव घेऊन हाक मारतात. नावापुढं काही बोलावं लागत नाही. मग संध्याकाळी मैदानावर घसरगुंडीवरून उतरणारं ऊन तेवढं उरतं. आणि लुमी.

लुमी आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली. तिचे वडील लातूरचे, हिंजवडीला नोकरी करणारे, आणि आई फिनलंडची. फिनिशमध्ये लुमी म्हणजे बर्फ. आमच्या मारुंजीच्या उन्हात एक बर्फ दिवसभर खेळत असतो. येत्या पावसाळ्यात ती सात वर्षांची होईल आणि तोवर शाळेत जाणार नाही, कारण तिच्या आईच्या देशात मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात. परीक्षा म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. प्रत्येक खिडकीतून पाढे आणि व्याख्या ऐकू येत असतात आणि ती वाळूत बसून मुंग्यांना काडीनं वाट करून देत असते. ऑफिसातून परतताना मी तिला बघते आणि तिथंच रेंगाळते. सुरुवातीला मी त्याला काळजी म्हणत होते. बिचारी मागं पडेल, असं. आता म्हणत नाही. तो हेवा आहे.

तिच्या आईचं नाव आयला. हे नाव पचवायला सोसायटीला बराच वेळ लागला. पहिल्या भेटीत तिनं चेअरमनसाहेबांपुढं हात केला आणि स्पष्ट म्हणाली, "मी आयला." ते दचकून म्हणाले, "का, काय झालं?" वॉचमनकाका अजूनही तिचं नाव घेत नाहीत. पार्सल आलं की इंटरकॉमवर मलाच सांगतात, "त्या ह्यांचं आलंय बघा, तुमच्या शेजारच्या मॅडमचं." मुलांची मात्र चंगळ आहे. एरवी जो शब्द तोंडातून निघाला तर पाठीत धपाटा बसतो, तो त्यांना दिवसभर ओरडून म्हणता येतो. "आयलामावशी!"

आयला मराठी बोलते, आणि ते लातूरच्या सासूबाईंकडून शिकलेलं. "काय करायलीस गं?" असं ती दार उघडून विचारते तेव्हा नवा माणूस आधी तिच्या केसांकडं बघतो आणि मग मागं कुणी दुसरं उभं आहे का ते बघतो. तिच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द आहे. त्यामुळं सुरुवातीला तिची फार फजिती व्हायची. नवरा आली, भाजीवाली गेला, चेअरमन रागावली. मग सासूबाईंच्या बोलण्यातला एक शब्द तिला सापडला. लेकरू. त्याला तो नाही, ती नाही. ते लेकरू. ती त्या शब्दाला अशी बिलगली की आता सोसायटीतलं प्रत्येक मूल तिच्या तोंडी ते आहे. ते आलं, ते पडलं, ते दमलंय. माझी सईसुद्धा.

सई माझी मुलगी, पाचवीत. आणि या उन्हाळ्याची सगळी कहाणी तिची आहे, हे आधी सांगून टाकते. सई माझ्याशी शाळेबद्दल बोलायची बंद झाली. दिवाळीनंतर कधीतरी हे सुरू झालं असावं. मी विचारायचे, "आज काय झालं शाळेत?" ती म्हणायची, "काही नाही." दप्तर टाकायची, हातपाय धुवायची आणि शेजारी जायची. मग भिंतीपलीकडून तिचा आवाज येत राहायचा. सलग, न थांबणारा, माझ्याशी ती दिवाळीपर्यंत बोलायची तसा. मी कणीक मळत भिंतीकडं कान लावायचे. शब्द कळायचे नाहीत. हसणं कळायचं.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत चूक कुठं आहे ते शोधायचं, आणि मी त्यात चांगली आहे. पण माझ्या मुलीनं बोलायचं सोडावं अशी चूक नेमकी कुठल्या जागी झाली, ते मला सापडत नव्हतं.

माझं गाव मुळशी धरणाच्या अंगाला. मार्चमध्ये तिथं राब भाजतात. भाताची रोपं करायला जी जागा राखलेली असते, तिच्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या अंथरायच्या, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. सगळी खाचरं धुमसायला लागतात. त्या धुरात आंब्याच्या उशिराच्या मोहोराचा आणि करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास मिसळतो. धरणाचं पाणी खाली उतरतं आणि काठाला चिखलाच्या पायऱ्या दिसू लागतात. परीक्षा म्हटलं की लोकांना कोऱ्या कागदाचा वास आठवतो म्हणे. मला राबाचा आठवतो. माझे डोळे अभ्यासानं लाल झालेत की धुरानं, हे आईला कळायचं नाही, आणि मला दोन्हीकडून सहानुभूती मिळायची.

सगळ्यात जास्त आठवतो तो मी चौथीत होते तेव्हाचा मार्च. स्कॉलरशिपला बसणारी आम्ही मोजकी पोरं. गुरुजी शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. चांगले होते गुरुजी. स्वतःच्या घरचे शेंगदाणे आणून आम्हाला वाटायचे. माझ्या शेजारी शबाना बसायची. तिच्या वडलांचं गावात किराणा दुकान होतं, त्यामुळं तिच्या फ्रॉकच्या खिशात मीठ-मिरचीची पुडी असायची आणि कैऱ्या मी आणायचे. आमची भागीदारी होती. शाळेतून परतताना आम्ही रस्त्याच्या मधोमध चालायचो, कारण तेव्हा त्या रस्त्याला येणारजाणार फारसं नव्हतं.

मग गुरुजींनी सरावाच्या पेपरांचे नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली. एक, शबाना. दोन, मी. पुढच्या आठवड्यात एक, मी. दोन, शबाना. गुरुजींना वाटलं पोरींना हुरूप येईल, आणि खरंच आला. आम्ही झपाटल्यासारखा अभ्यास केला. फक्त कधीपासून कोण जाणे, आम्ही दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालायला लागलो. भांडण झालं नव्हतं. कैऱ्या माझ्याकडं होत्या, मीठ तिच्याकडं होतं. मी कैरी तशीच खायचे, आणि ती नुसतं मीठ चाटत असेल.

हेवा माणूस जन्माला येतानाच घेऊन येत असेल, मला माहीत नाही. मला तो फळ्याच्या कोपऱ्यात मिळाला.

पण त्या फळ्याला मी नावं ठेवू कशी? त्या कोपऱ्यातल्या आकड्याला धरूनच मी वर आले. पौडचं हायस्कूल, पुण्याचं कॉलेज, हिंजवडीची काचेची इमारत. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या दिवशी आई मला घेऊन पौडला आली होती. मी आत पेपर लिहीत होते आणि ती बाहेर लिंबाखाली बसून होती. पेपर सुटल्यावर तिनं एवढंच विचारलं, "समदं लिवलंस?" मी हो म्हटलं. "मंग झालं," असं म्हणून तिनं भाकरीचं फडकं सोडलं. ती भाकर मी अजून खाते आहे. जे काही माझ्या ताटात आहे, ते त्या दिवसाचं आहे. म्हणून कुणी परीक्षा वाईट, नंबर वाईट असं म्हणायला लागलं की मी त्यात सूर मिसळत नाही. दोर ओरखडे काढतो हे खरं, पण विहिरीतून वर आलेल्या माणसानं दोराला शिव्या देऊ नयेत.

आणि तरी हेवा वाटतोच. आयलाच्या शाळेच्या गोष्टी मीच तिला खोदून खोदून विचारते, आणि ऐकून मीच जळते. तिच्या शाळेत मुलं दारात बूट काढून लोकरीच्या मोज्यांवर वर्गात फिरायची. प्रत्येक तासानंतर सुट्टी, आणि सुट्टीत बाहेर जायचंच, बर्फ असला तरी. जेवण शाळेत, सगळ्यांना तेच. हिवाळ्यात दुपारीच अंधारायला लागतं, तर वर्गात बाई दिवा लावून गोष्ट वाचायच्या. लहान वर्गात परीक्षेचा बाऊ नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "पण तुझा नंबर कितवा असायचा?"

"अडतीस," ती म्हणाली.

मला धक्काच बसला. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. "अडतिसावा? वर्गात होती किती मुलं?"

"वीस."

"वीस मुलांत अडतिसावा नंबर कसा येईल?"

ती गोंधळली. मग तिनं पाय पुढं करून चप्पल दाखवली. "अडतीस. आताही तोच हाय. तू बुटाचा नंबर विचारायलीस ना?"

वर्गातल्या मुलांना ओळीत लावून आकडा देतात, हे तिला समजावून सांगायला मला अर्धा चहा लागला. ऐकून ती म्हणाली, "कामून?" कामून म्हणजे कशासाठी. तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून सुटका झाली.

आमच्या सोसायटीत या विषयावर एक ठरलेलं समाधान आहे. कुणीतरी म्हणतंच, "अहो, फिनलंड फिनलंड काय करता? हे सगळं आपल्याकडं पूर्वी होतंच. झाडाखाली शाळा, निसर्गातलं शिक्षण." ऑफिसातला एक जण तर मला म्हणाला, "तुमची मुळशीची शाळा म्हणजे फिनलंडच की!" तो चांगल्या मनानं म्हणाला. मला मात्र राग आला. आम्ही झाडाखाली बसायचो कारण पत्रे तापायचे. आम्ही अनवाणी असायचो, त्याला लोकरीच्या मोज्यांचं नाव देता येत नाही. आमच्या गुरुजींकडं दोन वर्ग एकाच वेळी होते, म्हणून एका वर्गाला सुट्टी मिळायची. जे नव्हतं ते आपल्याकडं होतंच असं म्हणून हेवा मिटवता येतो, पण मग तो खोटा मिटतो. मला माझा हेवा खरा पाहिजे. त्यांच्याकडं होतं, आमच्याकडं नव्हतं. एवढं नीट कबूल केलं तरच उद्या कुणाला तरी ते मिळेल.

शिमग्याला आम्ही गावी गेलो, तेव्हा आयला आणि लुमी बरोबर आल्या. सईनंच हट्ट धरला होता. आई खाचरात राब भाजत होती. तिनं हातातली काठी टेकवून आयलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नाव काय म्हनायचं बाईचं?"

"आयला," मी म्हटलं.

"आगं, शिवी नगं दिऊस, नाव सांग."

"तेच नाव आहे आई."

"आत्ता गं बया! हाक तरी कशी मारायची? सनासुदीचं शिवी दिल्यागत वाटतंय. मी आपली पोरी म्हनते. चाललं का गं पोरी?"

"चालतंय की," लातूरहून उत्तर आलं, आणि आई काठी टाकून हसत सुटली.

आयलानं ओढणी डोक्याला गुंडाळली आणि सरळ धुरात शिरली. पालापाचोळा ओढायला, माती पसरायला. तिचं तोंड टोमॅटोसारखं झालं. मला वाटलं आता चक्कर येईल. ती मात्र खूश होती. आईला सांगायला लागली की त्यांच्याकडं घराघरात एक लाकडाची खोली असते, तिच्यात दगड तापवायचे, पाणी मारायचं आणि सगळ्यांनी बसून घाम गाळायचा.

"घाम गाळायला निराळी खोली?" आई म्हणाली. "आमी हितं उघड्यावरच गाळतोय की, वरीसभर. आन मंग काय करत्यात?"

"मग तळ्यात उडी मारायची."

"त्ये बी हाय. ते काय खाली धरान."

दोघी अशा हसत होत्या, जणू एका गावात दिलेल्या मुली. मग आईनं लुमीच्या शाळेची चौकशी केली आणि सातव्या वर्षापर्यंत शाळा नाही हे ऐकून ती थबकली. मी मनात म्हटलं, आता ही हिला फैलावर घेणार. हिनं मला सहावं पुरं व्हायच्या आत शाळेत नेऊन बसवलं होतं, गुरुजींच्या हातापाया पडून.

"मंग बरंय," आई म्हणाली. "मी तर कंदीच ग्येले न्हाई. म्हंजी मी बी तुमच्यातलीच."

मी बांधावर बसले होते. समोर माझी आई आणि माझी मुलगी, दोघी आयलाच्या दोन बाजूंना, तोंडं काळी करून हसत होत्या. मी मुलीसाठी बरोबर घेतलेलं गणिताचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. ते बाहेर काढायचा धीर मला झाला नाही, आणि धीर झाला नाही याचाही मला आयलाचाच राग आला.

संध्याकाळी काठावर गेलो. पोरी पाण्यात भाकऱ्या मारत होत्या, चपटे दगड वेचून. आयला म्हणाली, त्यांच्याकडं एक म्हण आहे. हेवा पाण्यातले मासेसुद्धा घेऊन जातो.

मी वळून तिच्याकडं बघितलं. ही मला म्हणतेय का? मी सावरून विचारलं, "तुमच्याकडं कसला आलाय हेवा? सगळं तर आहे."

"शेजाऱ्याचा. अजून कशाचा? त्याच्या बोटीचा. त्याच्या बटाट्याचा." आणि मग पाण्याकडं बघत, "मला तुझा वाटतो."

"माझा?"

"तुझी आई दोन तासांवर हाय. माझ्या आईनं लुमीला कडेवर एकदाच घेतलंय."

मला कुणाचा हेवा करायची सवय आहे, कुणी माझा करण्याची नाही. मी एक दगड उचलून टाकला. तो सरळ बुडाला.

एप्रिलमध्ये पेपर सुरू झाले. आता पाचवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, नापासही करतात. सईला सकाळी दूध जाईना. मी म्हणायचे, "घाबरायचं काय त्यात? मी तुझ्या वयात कंदिलावर अभ्यास केलाय." हे वाक्य तोंडातून निघताना मला ते खूप धीराचं वाटायचं. गणिताचा पेपर झाला त्या दिवशी मी मुद्दाम लवकर घरी आले. "कसा गेला?" "बरा." "सगळं लिहिलंस?" "हो." आणि ती शेजारी. भिंतीपलीकडं त्या दिवशी हसणं नव्हतं.

थोड्या वेळानं आयला गॅलरीत आली. दोन्ही गॅलऱ्यांच्या मधे हातभर अंतर आहे. ती हळू म्हणाली, "ते झोपलंय. रडून झोपलंय. राहू दे जरा."

"का रडली?"

"ते मी नाही सांगणार. त्यानं मला सांगितलंय."

माझा आवाज चढला. "माझी मुलगी आहे ती, आयला."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर ते तुला भितंय."

मी आत आले. सिंकमधली भांडी पुढ्यात ओढली. कोण ही? हिला काय माहीत? हिच्या पायाखाली जमीन होती, म्हणून ही निवांत आहे. आमच्या पायाखाली एकेक पायरी आम्हीच घातली आहे, आणि एक जरी निसटली तर कुठं जाऊन पडू ते मी बघितलेलं आहे. माझ्याबरोबरच्या किती मुली सातवी-आठवीनंतर पिरंगुटच्या कारखान्यांत उभ्या राहिल्या, किती जणी लग्न होऊन गेल्या, ते मला विचारा. मी सईला भीती घातली नव्हती. मी तिला फक्त माझा दोर दिला होता. खूप वेळ मी भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा. आणि त्या आवाजात एक गोष्ट मला हळूहळू उमगली. सई विहिरीत नव्हतीच. कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या पोरीच्या कमरेला मी दोर बांधून ओढत होते.

हे कळलं म्हणून हेवा गेला, असं झालं नाही. तो वाढला. कारण आता मला शेजारणीचाच नव्हे, माझ्या मुलीच्या कोरड्या जमिनीचाही वाटायला लागला.

सईच्या शाळेत निकाल अजून जुन्या रीतीनं एक मेला देतात, झेंडावंदन झाल्यावर. आमच्या वेळी गावात तसंच होतं. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेण्या, आणि निकाल घेऊन पोरं पेढे वाटत फिरायची. त्या दिवशी आमच्या सोसायटीतही सकाळी झेंडा होता, महाराष्ट्र दिनाचा. खाली गेले तर आयला डोक्यावर पांढरी टोपी घालून उभी. मखमलीची, जरा पिवळट पडलेली, पुढं काळी छोटी चोच. चेअरमनसाहेब गहिवरले होते. "बघा! परदेशी बाई असून महाराष्ट्र दिनाला पांढरी टोपी घालून आली. शिका जरा!" आणि त्यांनी तिच्याच हातात झेंड्याची दोरी दिली. आयलानं गोंधळून झेंडा वर चढवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, "हे काय गं?"

"आज एक मे ना. आमच्याकडं आज ही टोपी घालतात. शाळेची शेवटची मोठी परीक्षा पास झाली की मिळते. मग जन्मभर दरवर्षी घालायची. ही माझ्या आजीची."

"म्हणजे तुमच्याकडं परीक्षा असते?"

"असते की. एकच, शेवटी. पण लई मोठी." 'लई' ती गावाहून, माझ्या आईकडून उचलून आली होती. "माझी आजी जंगलातल्या बर्फावरून लाकडी पट्ट्यांवर घसरत शाळेला जायची. घरात कुणी शिकलेलं नव्हतं. टोपी घालणारी ती पहिली. माझ्या आईला ती फार रागवायची, अभ्यास कर, अभ्यास कर. अगदी तुझ्यासारखी." ती हे सहज बोलून गेली. मी मात्र तिथंच खिळले. इतकी वर्षं मी माझं माप आयलाशी घेत होते. माझी जोडी तिच्या आजीशी होती. माझा हेवा दोन पिढ्या पुढं जाऊन भलत्याच दारावर थाप मारत होता.

सई माझ्या शेजारी उभी होती, शाळेत जायच्या तयारीत, तोंड पांढरं पडलेलं. तिनं विचारलं, "मावशी, तू पहिल्यांदाच पास झालीस?"

"कुठं? गणितात नापास. सगळ्यांना टोप्या, मला नाही. आईनं केक केला होता, तो आम्ही तसाच खाल्ला. पुढच्या वेळी परीक्षा दिली परत, मग झाले पास."

"आजी रागावली?"

"आजी म्हणाली, टोपी कुठं पळून चालली नाही."

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला सोपं नाही. या बाईच्या बर्फाचा, मोज्यांचा, सुट्ट्यांचा मला हेवा वाटत आला होता. तो सगळा एका बाजूला. त्या केकचा जो वाटला, त्याला तोड नाही.

निकाल घेऊन आम्ही दोघी शाळेतून बाहेर पडलो. निकालपत्रक सईच्या हातात होतं, पाठमोरं धरलेलं. मी मागितलं नाही. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. टेंपो, बाईका, नव्या इमारतींच्या वाळूचे ढीग, यांतून वाट काढत आम्ही चाललो होतो. सोसायटीच्या फाटकाअलीकडं एक बुटकी भिंत आहे, तिच्यापाशी ती थांबली.

"आई, तू कधी नापास झालीस?"

"नाही."

"कधीच?"

"मला परवानगी नव्हती," मी म्हटलं. मला हसून म्हणायचं होतं. तसं ते निघालं नाही.

तिनं हातातला कागद दुमडला, परत उलगडला. माझ्याकडं न बघता विचारलं, "मला आहे?"

हो म्हणायला वेळ लागायला नको होता. दुसऱ्या कुणाच्या मुलीनं विचारलं असतं तर मी झटकन म्हटलं असतं. पण माझ्यापुढं पौड आलं, लिंबाखालची आई आली, गुरुजींचे शेंगदाणे आले, तापलेले पत्रे आले. ते सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी एकटीनं त्यांच्या वतीनं हे कसं देऊन टाकू? एक टेंपो हॉर्न वाजवत गेला. सई वाट बघत होती. एरवी सारखी नखं खाणारी ती वाट बघताना नखं खात नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

"आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

ती भिंतीवर चढून बसली. भिंत तापली होती, तिला चटका बसला असणार, पण उठली नाही. मला हातानं शेजारची जागा दाखवली.

"मग सांगते," ती म्हणाली. "पण तू मधे बोलायचं नाही."

मी मधे बोलले नाही.